थोडक्यात हुकलेल्या सामन्यानंतर प्ले कॉलिंगवर वाद कसा घालावा

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात शिकायला आलेल्या मराठी विद्यार्थ्याच्या लक्षात पहिल्या दोन-तीन शनिवारांतच एक गोष्ट येते. अमेरिकन फुटबॉलचा सामना साडेतीन तासांत संपतो, पण आपला संघ चार-पाच गुणांनी हरला असेल तर त्यावरचा वाद पुढच्या शनिवारपर्यंत पुरतो. प्रयोगशाळेत, बसथांब्यावर आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांचा राग एकाच माणसावर निघत असतो. तो माणूस म्हणजे आक्रमणाच्या चाली ठरवणारा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, ज्याला सगळे नुसते ‘ओसी’ म्हणतात. नवखा माणूस अशा वेळी एकतर गप्प बसतो किंवा ज्याचा आवाज सर्वांत मोठा त्याचेच मत आपले म्हणून पुढे सांगतो. मी पहिले दोन हंगाम हा दुसरा मार्ग पत्करला होता आणि त्या काळात माझ्या तोंडी एकच वाक्य असे : ‘चेंडू घेऊन पळायला हवे होते.’

‘चाल चुकली’ हा आरोप ऐकायला एक असला तरी त्याच्या पोटात निदान चार निरनिराळे आरोप असतात, आणि बोलणाऱ्याला त्यांपैकी नेमका कोणता करायचा आहे हे बहुधा त्यालाही ठाऊक नसते. आपल्याला हा प्रकार नवा नाही. २००७ च्या ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धोनीने शेवटचे षटक जोगिंदर शर्माला दिले. मिस्बाहचा तो उंच उडालेला फटका श्रीशांतच्या हातात न पडता सीमेपार गेला असता, तर तोच निर्णय आजही घरोघरी शिव्यांचा विषय असता. चेंडू कुठे पडला हे पाहून निर्णयाला शहाणा किंवा वेडा ठरवायची ही सवय मोडायची असेल, तर पुढच्या पायऱ्यांनी जावे.

पहिली पायरी : चाल कोण ठरवतो ते समजून घ्या

नियम एका परिच्छेदात उरकतो. आक्रमण करणाऱ्या संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. १० यार्ड पूर्ण झाले की पुन्हा नव्याने चार. टचडाउनचे, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याचे, ६ गुण, त्यानंतर मारलेल्या किकचा १, किकऐवजी ३ यार्डांच्या रेषेवरून एक चाल खेळून चेंडू पुन्हा आत नेल्यास २, आणि फील्ड गोलचे, म्हणजे चेंडू लाथेने गोलखांबांमधून मारण्याचे, ३. चौथ्या डाउनला संघ बहुधा पंट करून, म्हणजे लाथेने, चेंडू दूर धाडतो किंवा फील्ड गोलचा प्रयत्न करतो. दोन्ही सोडून चाल खेळली आणि ती फसली, तर चेंडू आहे तिथेच प्रतिस्पर्ध्याला मिळतो. कबड्डीतली ‘डू ऑर डाय’ चढाई डोळ्यांसमोर आणली म्हणजे चौथ्या डाउनचा ताण समजायला वेळ लागत नाही.

एक चाल संपली की सामान्यतः पुढच्या स्नॅपसाठी, म्हणजे मधल्या खेळाडूने चेंडू मागे देऊन चाल सुरू करण्यासाठी, ४० सेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत ओसी, आणि काही संघांत स्वतः मुख्य प्रशिक्षक, वरच्या कक्षातून किंवा मैदानाच्या कडेवरून चाल सांगतो. सर्वोच्च विभागातल्या संघांना २०२४ पासून मैदानावरच्या एका खेळाडूच्या, म्हणजे आक्रमणात अर्थातच तो स्नॅप घेऊन चाल चालवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या, हेल्मेटमध्ये बोलता येते. मात्र घड्याळात १५ सेकंद उरले की तो संपर्क तुटतो. त्याआधी हे सारे काम हातवाऱ्यांवर आणि चित्रविचित्र फलकांवर चालत असे. संपर्क तुटल्यावर क्वार्टरबॅक समोरच्या बचावाची मांडणी पाहतो आणि त्याला तशी मुभा असेल तर चाल बदलतो. शिवाय आरपीओ नावाच्या चालींमध्ये एकाच चालीच्या पोटात धावण्याचा आणि पासचा असे दोन्ही पर्याय असतात. स्नॅप झाल्यावर एका ठरावीक बचावपटूची हालचाल बघून क्वार्टरबॅक त्यांतला एक निवडतो. त्यामुळे ‘तिथे धावायला कोणी सांगितले?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘कोणीच नाही, बचावाने तसे करायला लावले’ असे असते, आणि ओसीच्या नावे लिहिलेले पत्र भलत्याच पत्त्यावर गेलेले असते.

दुसरी पायरी : रात्री बोलू नका, सकाळी कागद करा

पराभवाच्या रात्री माणसाला पाच-सहाच चाली आठवतात आणि त्या सगळ्या फसलेल्या असतात. म्हणून दुसऱ्या दिवशी सामन्याची चालनिहाय नोंद उघडावी, जी कुठेही सहज मिळते, आणि एका कागदावर प्रत्येक चालीसाठी सहा रकाने करावेत : कितवा डाउन, किती यार्ड हवे होते, चेंडू कोणत्या रेषेवर होता, गुणफलक, उरलेला वेळ आणि चालीचा परिणाम. परिणामाचा रकाना शेवटी भरावा. आधीच्या पाच रकान्यांकडे पाहून आपण काय केले असते ते मनात ठरवावे आणि मगच काय झाले ते पाहावे.

मग संशयास्पद वाटणाऱ्या आठ-दहा चाली पुन्हा पाहाव्यात. या वेळी चेंडूवर नजर न ठेवता स्नॅपपूर्वी बचावाचे किती खेळाडू आघाडीच्या फळीजवळ गोळा झाले होते ते मोजावे आणि चेंडू कोणत्या हॅशवर, म्हणजे मैदानाच्या लांबीने आखलेल्या दोन तुटक रेषांपैकी कोणत्या रेषेवर, होता हेही बघावे. मैदान १६० फूट रुंद असते आणि कॉलेजच्या मैदानावर दोन हॅशरेषांमध्ये ४० फूट अंतर असते. व्यावसायिक मैदानावर ते याच्या निम्म्याहूनही कमी आहे. त्यामुळे कॉलेजमध्ये चेंडू एका हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट जागा उरते. ‘सारखे अरुंद बाजूला कशाला पळता?’ ही तक्रार जुन्या प्रेक्षकांकडून ऐकू येते ती याच हिशेबातून, आणि ती खरी आहे की नाही हे कागद केल्याशिवाय सांगता येत नाही. कित्येकदा बचाव मुद्दाम रुंद बाजूकडे झुकलेला असतो आणि अरुंद बाजूलाच माणसे कमी असतात.

तिसरी पायरी : निर्णय आणि चाल यांची फारकत करा

चौथ्या डाउनला खेळायचे की किक मारायची, टचडाउननंतर एक गुण घ्यायचा की दोन, हे मुख्य प्रशिक्षकाचे निर्णय असतात. खेळायचे ठरल्यावर नेमकी कोणती चाल, हा ओसीचा प्रश्न असतो. वादात या दोन्हींची सर्रास खिचडी होते.

२ जानेवारी १९८४ च्या ऑरेंज बोलमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या एका मोठ्या सामन्यात, अपराजित नेब्रास्काने मायामीविरुद्ध शेवटच्या मिनिटात टचडाउन करून गुणसंख्या ३०–३१ वर आणली. तेव्हा कॉलेज फुटबॉलमध्ये जादा वेळ नव्हता. किक मारून बरोबरी साधली असती तर राष्ट्रीय विजेतेपद बहुधा नेब्रास्कालाच मिळाले असते, पण प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न यांनी जिंकण्यासाठी दोन गुणांचा प्रयत्न केला. पासला बचावपटूची बोटे लागली, चेंडू निसटला आणि नेब्रास्का एका गुणाने हरले. आता १ जानेवारी २००७ चा फिएस्टा बोल घ्या. जादा वेळेत ओक्लाहोमाच्या ४२ गुणांपुढे बॉयसी स्टेट ४१ वर पोहोचले, त्यांनीही बरोबरीचा एक गुण नाकारून दोनाची चाल खेळली, क्वार्टरबॅकने पास टाकल्याचा अभिनय करत पाठीमागून चेंडू रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूच्या, हाती दिला आणि सामना ४३–४२ असा खिशात घातला. निर्णय जवळजवळ तोच. एक आख्यायिका झाला, तर दुसरा हळहळ. नेब्रास्काच्या चाहत्याने त्या पासची निवड चुकली असे म्हणावे, त्यावर बोलता येईल, पण दोन गुणांसाठी जाणेच चूक होते असे म्हणणाऱ्याने बॉयसीच्या वेळी टाळ्या वाजवल्या नव्हत्या ना, हे आधी तपासावे.

याच पायरीवर आणखी एक सापळा आहे. ३१ डिसेंबर २०२२ रोजी फिएस्टा बोलच्या उपांत्य सामन्यात मिशिगनने पहिल्याच मोहिमेत टीसीयूच्या (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटीच्या) २ यार्डांच्या रेषेपर्यंत मजल मारली, चौथ्या डाउनला फील्ड गोल टाळला आणि क्वार्टरबॅककडेच पास जावा अशी एक हुलकावणीची चाल खेळली. ती पार फसली. सामना मिशिगनने ४५–५१ असा गमावला. ‘ते तीन गुण घेतले असते तर!’ असे उसासे मी स्वतः ऐकले आहेत. तीन गुण जोडून मात्र सहाचे अंतर भरत नाही, आणि पहिल्या दहा मिनिटांतला गुणफलक बदलला तर पुढच्या पन्नास मिनिटांतले सगळे निर्णयही बदलतात. शिवाय त्याच सामन्यात मिशिगनचे दोन पास अडवले जाऊन त्यांचे थेट टीसीयूसाठी टचडाउन झाले होते, ते या हिशेबात कोणी धरत नाही. माझ्या मते तिथे खेळायचा निर्णय योग्य होता. आक्षेप चालीवर घ्यावा : ज्या संघाची सारी ओळख समोरच्याला रेटत धावण्याची, त्याने दोन यार्डांसाठी नाटक रचावे का?

चौथी पायरी : चाल आणि तिची बजावणी यांची फारकत करा

ही सर्वांत अवघड पायरी आहे आणि तिच्यासाठी १ जानेवारी २०२४ च्या रोझ बोलइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. अलाबामा विरुद्ध मिशिगन, राष्ट्रीय उपांत्य सामना, निर्धारित वेळेत २०–२० अशी बरोबरी. जादा वेळेत दोन्ही संघांना २५ यार्डांच्या रेषेवरून एकेक मोहीम मिळते. मिशिगनने आधी टचडाउन करून २७–२० अशी आघाडी घेतली. अलाबामा ३ यार्डांच्या रेषेपर्यंत आले आणि चौथा डाउन उभा राहिला. टचडाउन हवेच होते, फील्ड गोलचा प्रश्नच नव्हता. क्वार्टरबॅक जेलन मिल्रो चेंडू घेऊन सरळ मध्यभागी घुसला आणि मिशिगनच्या भिंतीवर आदळून थांबला. अलाबामाचे मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांच्या कॉलेज प्रशिक्षणाच्या कारकिर्दीतला तो अखेरचा सामना ठरला, कारण दहा दिवसांच्या आत त्यांनी निवृत्ती जाहीर केली.

अलाबामाचे ओसी टॉमी रीस यांच्यावर त्या एका चालीसाठी जेवढी टीका झाली तेवढी क्वचितच कोणावर होत असेल, आणि तिच्यात तथ्यही होते. मिशिगनच्या बचावाची ताकद मधल्या फळीतच होती. त्या दिवशी मिल्रोला त्यांनी सहा वेळा सॅक केले होते, म्हणजे पास टाकण्याआधीच मागे पाडले होते, त्यांतले पाच पूर्वार्धातच. अशा फळीच्या तोंडावर धाव काढण्यापेक्षा मिल्रोसारख्या चपळ खेळाडूला कडेकडे पळवले असते, तर पळायचे की पास टाकायचा हा पर्याय अखेरपर्यंत त्याच्या हातात राहिला असता.

आता दुसरी बाजू ऐका. क्वार्टरबॅक स्वतः धावतो तेव्हा रनिंग बॅक मोकळा होऊन अडवणूक करायला मिळतो. एरवी चेंडू देऊन बाजूला होणाऱ्या क्वार्टरबॅकमुळे आक्रमणाला एक माणूस कमी पडतो, ती उणीव इथे भरून निघते. गोलरेषेजवळ जागा आक्रसलेली असताना हा एका माणसाचा फायदा मोठा असतो. मिल्रोने त्या हंगामात धावून १२ टचडाउन केले होते. आणि ३ यार्ड हे अंतर नेमके दोन गुणांच्या प्रयत्नाइतकेच आहे, म्हणजे तिथे खेळायच्या निवडक चाली प्रत्येक संघाने आठवडाभर घोटलेल्या असतात. ओसीने त्यांतली एक काढली, खिशातून चिठ्ठी उचलली नाही.

यात भर पडली ती स्नॅपची. त्या शेवटच्या चालीत स्नॅप खाली गेला आणि मिल्रोला तो खालून उचलून घ्यावा लागला. मध्यभागी घुसण्याच्या चालीत सारा खेळ अर्ध्या सेकंदाचा असतो. फट उघडते आणि मिटते. तेवढा वेळ स्नॅपने खाल्ला. स्नॅप नीट आला असता तर तो आत पोहोचला असता का, हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकणार नाही, पण अलाबामाचे स्नॅप त्या दिवशी आधीपासूनच बिघडत होते. त्यामुळे माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे : स्नॅपचा भरवसा उरलेला नसताना, वेळेवर सर्वाधिक अवलंबून असणारी चाल निवडावी का? चाल वाईट नव्हती, त्या दिवसापुरती ती महागडी होती. हे मत कोणाला पटणार नाही हे मला ठाऊक आहे. माझ्या एका अमेरिकन सहकाऱ्याने यावर दीड तास माझ्याशी हुज्जत घातली आणि शेवटी कॉफीचे पैसेही मलाच द्यायला लावले.

अशा प्रत्येक चालीसाठी चार प्रश्न क्रमाने विचारावेत. निर्णय योग्य होता का? त्या मांडणीविरुद्ध चाल योग्य होती का? खेळाडूंनी ती नीट बजावली का? आणि प्रतिस्पर्ध्यानेच सरस खेळ केला का? चौथा प्रश्न हरलेले लोक सोयीस्करपणे विसरतात. समोरच्या संघालाही पगारी प्रशिक्षक असतात.

पाचवी पायरी : आकडे वापरा, पण कॉलेजचा हिशेब जाणून

कॉलेजच्या आकडेवारीत सॅकमध्ये गेलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या धावण्याच्या खात्यात वजा होतात आणि ती चाल ‘धाव’ म्हणून मोजली जाते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तसे नाही. समजा, तक्त्यात ३० धावा आणि ३० पास दिसत आहेत. त्या ३० धावांपैकी ६ सॅक असतील आणि ४ वेळा क्वार्टरबॅक पास टाकायला निघून नाइलाजाने पळाला असेल, तर ओसीने प्रत्यक्षात २० वेळा धाव आणि ४० वेळा पास मागितला होता. ‘आम्ही समतोल खेळलो’ हा दावा आणि ‘धावण्याची सरासरी अगदीच किरकोळ होती’ ही तक्रार, दोन्ही या एका नियमामुळे कोसळू शकतात.

दुसरे, ‘आपण ४० वेळा धावतो तेव्हा जिंकतो’ हे वाक्य कोणी टाकले तर मान डोलावू नये. आघाडीवर असलेला संघ वेळ काढण्यासाठी चौथ्या क्वार्टरमध्ये धावतच असतो. लोकांनी छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडत नाही.

चालींच्या दर्जाचे मोजमाप हवे असेल तर ‘यशाचे प्रमाण’ काढावे, जे कागदावर दहा मिनिटांत निघते. पहिल्या डाउनला हव्या असलेल्या यार्डांपैकी निदान ५० टक्के, दुसऱ्याला ७० टक्के आणि तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण १०० टक्के मिळाले तर चाल यशस्वी धरायची. हा कागद भरला की एक चित्र वारंवार समोर येते : आरडाओरडा तिसऱ्या डाउनच्या चालीबद्दल असतो, आणि दुखणे पहिल्या डाउनचे निघते. पहिल्या डाउनला सतत एक-दोन यार्डच मिळत असतील, तर ओसीला पुन्हा पुन्हा ‘तिसरा डाउन, ८ यार्ड’ अशा जागेवरून चाल निवडावी लागते, जिथे बचावाला पास येणार हे आधीच कळलेले असते. तिथली कोणतीही निवड वाईटच दिसते.

सहावी पायरी : घड्याळ तपासा

बहुतेक आरोपांना दुसरी बाजू असते, पण घड्याळाच्या चुकांना बहुधा नसते, कारण तिथे नुसती बेरीज-वजाबाकी असते. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी मायामी जॉर्जिया टेकविरुद्ध २०–१७ असे पुढे होते. सुमारे अर्धे मिनिट उरले होते, चेंडू मायामीकडे होता आणि जॉर्जिया टेकचे टाइमआउट संपले होते. पुढच्या स्नॅपसाठी ४० सेकंद मिळतात, म्हणजे क्वार्टरबॅकने चेंडू घेऊन एक गुडघा टेकून चाल तिथेच संपवली असती, तर घड्याळ चालूच राहून सामना संपला असता. मायामीने त्याऐवजी धावण्याची चाल खेळली, चेंडू हातातून सुटला, जॉर्जिया टेकने तो ताब्यात घेऊन ७४ यार्ड पार केले आणि ४४ यार्डांच्या पासवर २३–२० असा सामना जिंकला. चेंडू ज्या खेळाडूच्या हातून सुटला त्याला दोष देणाऱ्यांची मला कीव येते; त्याच्या हाती चेंडू द्यायलाच नको होता.

नवख्याने वादाची सुरुवात करावी ती अशा प्रसंगापासून. टाइमआउट किती उरले होते आणि कोणाकडे, हे तोंडपाठ असले की जुने प्रेक्षकही आपले ऐकून घेतात. एक बदल मात्र ध्यानात ठेवावा : २०२२ च्या हंगामापर्यंत कॉलेजमध्ये प्रत्येक नव्या पहिल्या डाउनला घड्याळ क्षणभर थांबत असे. २०२३ च्या हंगामापासून ते फक्त दोन्ही अर्धांच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबते. जुन्या सामन्यांचे दाखले देताना हा फरक विसरलात तर समोरचा तिथेच गाठतो.

सातवी पायरी : वादाला बसताना

टीका करताना पर्याय सांगावा, आणि तोही नेमका. ‘काहीतरी वेगळे करायला हवे होते’ याला टेबलावर काही किंमत नाही. ‘दुसरा डाउन, ३ यार्ड होते, सहाच माणसे पुढे होती, तिथे धाव मागायला हवी होती’ याला आहे. एका सामन्यावरून ओसीला काढून टाकण्याची मागणी करू नये. निदान चार-पाच सामन्यांचे कागद हाताशी असावेत आणि त्यांत तीच चूक पुन्हा दिसलेली असावी. आघाडीच्या फळीतले दोन खेळाडू जखमी असतील तर क्वार्टरबॅकने फार वेळ थांबून टाकायच्या लांब पासच्या अर्ध्या चाली ओसीच्या वहीतून तशाच बाद झालेल्या असतात, हेही विचारात घ्यावे.

खेळाडूंची वये साधारण अठरा ते बावीस असतात. तुम्ही शिकवणी साहाय्यक असाल तर त्यांतला एखादा सोमवारी सकाळी तुमच्याच वर्गात मागच्या बाकावर बसलेला असू शकतो. त्याच्या समाजमाध्यमाच्या खात्यावर जाऊन कोणी काही लिहीत असेल तर त्या टोळक्यात सामील होऊ नये. ओसीचे मानधन मोठे असते आणि टीका सोसणे हा त्याच्या कामाचा भाग आहे, त्याच्यावर हवे तेवढे बोला.

आता पुढच्या शनिवारसाठी एवढे करा. सामना बघताना प्रत्येक तिसऱ्या आणि चौथ्या डाउनला स्नॅपच्या आधी आपली चाल शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगा : धाव की पास, आणि कोणत्या बाजूला. शेजाऱ्यालाही तसेच करायला लावा आणि दोघांचे अंदाज कागदावर टिपून ठेवा. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा दुसऱ्या क्वार्टरपर्यंत माझ्या सांगण्यातल्या निम्म्याहून अधिक चाली नुसत्या ‘मध्यभागी धाव’ अशा निघाल्या, आणि शेजारी बसलेल्या आजोबांनी, जे त्याच रांगेत कित्येक वर्षे बसत आले होते, कागदावरची ती ओळ बोटाने दाखवून मला विचारले की मग बचावाला हे कळायला किती वेळ लागला असता.